फॅलेनॉप्सिसची पानं सुरकुतली, वर्षभर फूल नाही: टाकून द्यायचं का?

तुमची अडचण थोडक्यात अशी: पुण्यात बाणेरला आठव्या मजल्यावर घर. गेल्या वर्षी वास्तुशांतीला कुणीतरी पांढरं फॅलेनॉप्सिस ऑर्किड दिलं, चिनी मातीच्या सुंदर कुंडीत. जवळजवळ तीन महिने ते फुललेलं राहिलं. मग फुलं गळली, दांडा वाळला. तेव्हापासून ते हॉलमध्ये टीव्हीशेजारी आहे, रोज अर्धा कप पाणी आणि महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत मिळतं. आता खालची दोन पानं पिवळी पडून गळली आणि उरलेली मऊ पडून सुरकुतली आहेत. पाणी वाढवलं तर आणखीच मऊ पडली. नर्सरीवाले म्हणाले, हे एकदाच फुलतं, नंतर टाकून द्यायचं. शिवाय घरात मांजर आहे, त्याचीही काळजी.

टाकू नका. फॅलेनॉप्सिस नीट सांभाळलं तर दरवर्षी फुलतं, आणि पुण्याची हवा त्याला मुंबईपेक्षा जास्त मानवते. पण तुमच्या झाडाची मुळं सडली आहेत, हे मी ते न बघताही सांगेन. पान सुरकुतलं म्हणजे त्याच्यापर्यंत पाणी पोचत नाही, इतकंच कळतं. कुंडीत पाणी नसलं तरी ते पोचत नाही आणि पाणी ओढणारी मुळं मेली असली तरीही पोचत नाही. रोज पाणी मिळणाऱ्या झाडाचं पान सुरकुततंय म्हणजे दुसरं कारण. अशा वेळी आपण काळजीपोटी आणखी पाणी घालतो आणि उरलीसुरली मुळंही घालवतो.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप पटेल. फॅलेनॉप्सिस जमिनीत वाढणारं झाड नाही. आग्नेय आशियाच्या दमट जंगलात ते दुसऱ्या झाडाच्या खोडाला मुळांनी धरून राहतं. ब्लुम या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२५ मध्ये या गटाला हे नाव दिलं, आणि त्यातली पांढऱ्या फुलांची मूळ जात आज इंडोनेशियाच्या राष्ट्रीय फुलांपैकी एक आहे. बाजारात मिळणारी पांढरी संकरित झाडं तिच्याच कुळातली. आपल्याकडे मे-जूनमध्ये आंबोली, महाबळेश्वर, कोयना भागात हिंडताना आंब्या-जांभळाच्या खोडावर सीतेची वेणी लोंबताना पाहिली असेल, ती याच धाटणीने जगते. खूप लोक तिला बांडगूळ समजतात. बांडगूळ यजमान झाडाच्या आत मुळं घुसवून अन्नरस ओढतं. आमरी, म्हणजे ऑर्किड, तसं काही करत नाही, फक्त आधार घेते. तिची मुळं उघड्यावर असतात, पाऊस आला की भिजतात आणि तासाभरात वाऱ्याने सुकतात. या मुळांवर मृत पेशींचं जाड, सच्छिद्र आवरण असतं. ते टीपकागदासारखं पाणी शोषतं आणि हळूहळू आत देतं. कोरडं असताना ते चंदेरी दिसतं, भिजलं की आतला हिरवा रंग दिसू लागतो. हेच मूळ चोवीस तास ओल्या गोळ्यात दाबून ठेवलं तर त्याला हवा मिळत नाही आणि ते गुदमरून कुजतं. फॅलेनॉप्सिसच्या मुळाला पाण्याइतकीच हवा लागते. घरात मरणारी बहुतेक फॅलेनॉप्सिस या एकाच गोष्टीने मरतात.

तेव्हा या रविवारी वेळ काढा. जमिनीवर वर्तमानपत्र पसरा आणि झाड चिनी मातीच्या कुंडीतून बाहेर काढा. त्या कुंडीला तळाशी भोक नसणार. आत एक पातळ प्लॅस्टिकची कुंडी असेल आणि दोन्हींच्या मधे कदाचित बोटभर पाणी साचलेलं सापडेल. प्लॅस्टिकची कुंडी हळूच दाबून झाड सोडवा. आत स्फॅग्नम मॉसचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळाचा, घट्ट गोळा दिसेल. बाजारात येणारं बहुतेक फॅलेनॉप्सिस यातच असतं. ते कित्येक दिवस ओल धरतं, त्यामुळे प्रवासाला आणि दुकानात ठेवायला सोयीचं असतं. कुंडीत वर्षभर तेच ठेवून रोज पाणी घातलं की मात्र त्याचा चिखल होतो. गोळा बाहेरून सुटला तरी थांबू नका, अगदी मधोमध चाचपा. रोप लहान असताना ज्या छोट्या जाळीत किंवा मॉसच्या गुंडाळीत वाढवलेलं असतं ती कित्येकदा तशीच आत राहिलेली असते, आणि बाहेरचं सगळं सुकलं तरी ती ओलीच असते. सड तिथूनच सुरू होते. चिमट्याने किंवा बोटांनी ते सगळं काढा, नळाखाली मुळं धुवून घ्या.

आता एकेक मूळ बोटाच्या चिमटीत धरून हलकं दाबा. जिवंत मूळ घट्ट लागतं, मग त्याचा रंग पांढरा, हिरवा, पिवळसर काहीही असो. आतल्या अंधारात वाढलेली मुळं पिवळट असतात, त्यांना मेलेली समजू नका. मेलेलं मूळ दाबलं की पिचतं, आतून तपकिरी पाणी येतं, आणि ओढलं तर बाहेरची साल हातात येऊन मागे फक्त दोऱ्यासारखी शीर उरते. अशी सगळी मुळं कात्रीने काढून टाका. कात्री आधी गॅसवर तापवून किंवा स्पिरिटने पुसून घ्या, कारण ऑर्किडचे विषाणूजन्य रोग कात्रीवरून एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. कापलेल्या टोकांना दालचिनीची पूड लावा, ती बुरशी रोखते. पण ती फक्त कापलेल्या जागीच लावायची. चांगल्या मुळांवर भुरभुरली तर ती सुकवून टाकते. सड खूप असेल तर कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेब यांचं मिश्र बुरशीनाशक लिटरला २ ग्रॅम या मापाने कालवून त्यात मुळं दहा मिनिटं बुडवा. हातमोजे घाला, आणि मांजर दुसऱ्या खोलीत ठेवा.

नंतर झाड रात्रभर सावलीत उघडंच पडू द्या. भीती वाटेल, पण याला काही होत नाही. जखमा सुकायला हा वेळ लागतो.

चांगली चार-पाच मुळं उरली असतील तर नव्या कुंडीत लावता येईल. पारदर्शक प्लॅस्टिकची कुंडी घ्या, कारण मुळांचा रंग बाहेरून दिसला की पाण्याचा निम्मा प्रश्न सुटतो. तिला तळाशी आणि बाजूंनाही भोकं हवीत. नसतील तर तापवलेल्या खिळ्याने पाडा. कुंडी मुळं जेमतेम मावतील एवढीच हवी. मोठी कुंडी म्हणजे मधे न सुकणारा भाग, म्हणजे पुन्हा सड. भरायला पाइनच्या सालीचे साधारण नखाएवढे तुकडे आणि लोणारी कोळशाचे तेवढेच खडे, तीनास एक या प्रमाणात. साल आदल्या रात्री पाण्यात भिजत घाला, नाहीतर कोरडी साल पहिले काही आठवडे पाणी धरतच नाही. नारळाच्या सोडणाचे तुकडेही चालतात, कोकणात आणि गोव्यात तेच सहज मिळतात. फक्त त्यात क्षार असतात, म्हणून दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून मगच वापरा. माती, कोकोपीट, शेणखत, गांडूळखत यातलं काहीही घालायचं नाही. गांडूळखत तुळशीला उत्तम, इथे ते सालींमधल्या मोकळ्या जागा भरून टाकतं आणि मुळांची हवा बंद करतं. लावताना पानांचा बुंधा सालीच्या वर राहू द्या, मुळंच फक्त आत. झाड डुगडुगत असेल तर काडीला बांधा, कारण हलणाऱ्या झाडाची नवी मुळं घासून तुटतात. पहिले तीन-चार दिवस पाणी नको.

आणि मूळ एखादंच उरलं, किंवा एकही नाही उरलं तर? तरीही पानं हिरवी असतील आणि मधला गाभा घट्ट असेल तर आशा आहे. मॉस भिजवून हाताने पूर्ण पिळून घ्या, इतकं की एक थेंब पडता कामा नये. पारदर्शक डब्याच्या तळाशी ते पसरा, त्यावर झाड नुसतं टेकवा, झाकण अर्धवट लावा आणि डबा ऊन न येणाऱ्या उजेडाच्या जागी ठेवा. आतल्या दमट हवेत पानांतून पाणी उडत नाही आणि झाडाला नवं मूळ काढायला सवड मिळते. याला महिने लागतात. दर आठवड्याला झाकण उघडून बुरशी आली नाही ना, एवढंच बघा.

एक अपेक्षा आधीच बाजूला ठेवा. सुरकुतलेली जुनी पानं पूर्ववत टवटवीत होतीलच असं नाही. झाड सावरलं की नाही हे ओळखायचं ते नव्या मुळाच्या हिरव्या किंवा तांबूस चकचकीत टोकावरून आणि मधून येणाऱ्या नव्या पानावरून. ते दिसलं की झाड वाचलं.

आता पाणी. रोज अर्धा कप ही सवय सोडा. पाणी द्यायचा वार ठरवू नका, मुळं बघा. कुंडीतून चंदेरी दिसली तर द्या, हिरवी दिसली तर थांबा. कुंडी उचलून बघायची सवय लावली तर महिनाभरात हाताला वजन कळू लागतं. द्यायचं तेव्हा मात्र भरपूर द्या: सकाळी बादलीत पाणी घेऊन कुंडी दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, मग उचलून पूर्ण निथळू द्या, आणि निथळल्यावरच शोभेच्या कुंडीत परत ठेवा. सालीत लावलेल्या झाडाला पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यात तीन-चार दिवसांनी पाणी लागतं, थंडीत आठवड्याने, आणि जुलै-ऑगस्टमध्ये कधी कधी दहा दिवसही लागत नाही. पानांच्या मधल्या खोबणीत पाणी साचलं तर टिश्यू पेपरने टिपून घ्या. जंगलात हे झाड खोडावरून तिरकं लोंबतं, त्यामुळे पाणी आपोआप ओघळून जातं. कुंडीत ते सरळ उभं असतं, पाणी गाभ्यात राहतं आणि गाभा सडतो. गाभा सडला की वरून नवं पान येत नाही, कारण या झाडाला वाढीचं टोक एकच असतं.

पाणी कुठलं, यालाही महत्त्व आहे. बाणेर-बालेवाडीच्या पट्ट्यात टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर ते बहुधा जड असतं. कुंडीच्या भोकांभोवती आणि सालीवर पांढरी पुटं चढतात, मुळांची टोकं काळी पडतात. आणि एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण ती घरोघरी चालते: आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी ऑर्किडला घालू नका. पाणी वाया जाऊ नये हा हेतू चांगला आहे, पण यंत्राने गाळून वेगळे काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. ते लादी पुसायला वापरा. ऑर्किडसाठी पावसाचं पाणी सर्वात उत्तम, पावसाळ्यात गॅलरीत बादली ठेवलीत तरी पुष्कळ. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही क्षारविरहित असतं, ते चालतं. यातलं काहीच नसेल तर साधं पाणी वापरा, पण महिन्यातून एकदा कुंडीतून भरपूर पाणी वाहू द्या, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातील.

आता प्रकाश. मुळं झाडाला जगवतात, पण फूल येतं ते प्रकाशामुळे, आणि टीव्हीशेजारचं टेबल त्या दृष्टीने अंधारकोठडी आहे. हे पटायला अवघड जातं, कारण आपल्याला तिथे आरामात पेपर वाचता येतो. आपले डोळे कमी उजेडाला लगेच सरावतात, झाडाला ती सोय नाही. लक्स या प्रकाशाच्या मापात दुपारचं उघडं ऊन साधारण १ लाख असतं. फॅलेनॉप्सिसला फुलायला १० ते १५ हजार लक्स मिळाले तर उत्तम. खिडकीच्या काचेपाशी, ऊन थेट येत नसताना, काही हजार मिळतात. तिथून सात-आठ फूट आत आलं की आकडा शेकड्यांत येतो. फोनवर लक्स मोजणारं फुकट ॲप मिळतं, ते अचूक नसलं तरी टीव्ही आणि खिडकी यांतला फरक बघून तुम्ही चकित व्हाल.

सगळ्यात चांगली पूर्वेची खिडकी. सकाळचं नऊ-साडेनऊपर्यंतचं कोवळं ऊन अंगावर आलं तरी चालतं. दक्षिणेच्या खिडकीत थंडीत सूर्य खाली असल्याने ऊन खोलवर आत येतं, तिथे पातळ पांढरा पडदा हवा. पश्चिमेचं दुपारचं ऊन पान भाजतं: आधी पांढरट डाग, मग तो भाग कागदासारखा सुकतो. उत्तरेची खिडकी आपल्याकडे नुसतीच अंधारी समजतात, पण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत सूर्य पुण्याच्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो. त्या दोन टोकांनाच आपण शून्य सावलीचे दिवस अनुभवतो. तेव्हा उन्हाळ्यात उत्तरेची खिडकी चांगली, थंडीत मात्र अपुरी. जागा योग्य आहे का हे बघायला दुपारी पानाच्या वर वीतभर उंचीवर हात धरा. सावली पुसट, मऊ कडांची पडली तर जागा बरोबर. काळी, ठसठशीत पडली तर ऊन जास्त. पडलीच नाही तर प्रकाश कमी. पानही सांगतंच: गर्द काळपट हिरवं पान दिसायला छान, पण ते प्रकाशाला आसुसलेलं असतं. फुलणाऱ्या झाडाचं पान थोडं पोपटीकडे झुकतं.

खिडकीत जागाच नसेल तर २० वॅटच्या दोन पांढऱ्या एलईडी ट्यूब पानांपासून फूटभर वर लावून रोज बारा तास चालू ठेवा. रात्री मात्र अंधार हवाच. हे झाड पाणी वाचवण्यासाठी पानांवरची छिद्रं दिवसा बंद ठेवतं आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतं. यावरूनच ‘ऑर्किड रात्री ऑक्सिजन देतं, बेडरूममध्ये ठेवा’ असं दुकानात सांगतात. ते खरं नाही. ऑक्सिजन तयार होतो तो दिवसा, प्रकाशातच.

फूल न येण्याचं दुसरं कारण तापमान, आणि इथे पुण्याचं नशीब चांगलं. फॅलेनॉप्सिसला फुलदांडा काढायचा इशारा मिळतो तो गारव्यातून. काही आठवडे सलग दिवसाचं तापमान २५-२६ अंशांच्या आसपास किंवा खाली राहिलं, रात्री त्याहून गार झाल्या, की दांडा निघतो. सतत २८च्या वर ठेवलं तर निघत नाही. व्यावसायिक हरितगृहांत याच युक्तीने झाडं रोखून धरतात आणि हव्या त्या सणाच्या हिशोबाने गार करून फुलवतात. तुम्हाला हरितगृह नको. दिवाळीनंतर पुण्यात रात्री गार होऊ लागल्या की झाड खिडकीलगत ठेवून खिडकी उघडी ठेवा. डिसेंबरच्या सुमारास पानाच्या बेचक्यातून काहीतरी डोकावेल. ते मूळ की दांडा, असा सगळ्यांना प्रश्न पडतो. मुळाचं टोक गोल, गुळगुळीत असतं आणि ते खाली किंवा कुठेही वळतं. दांड्याचं टोक चपटं, एका बाजूला खाच असलेलं असतं आणि ते उजेडाच्या दिशेने वर चढतं. दांडा दिसल्यापासून कळी उमलायला तीनेक महिने लागतात. या काळात कुंडीची दिशा बदलू नका, दांडा वाकडातिकडा होतो.

तुमचं झाड या वर्षी मुळं गमावून बसलंय, तेव्हा या थंडीत दांडा आलाच तर मी तुमच्या जागी तो खुडून टाकेन. अशक्त झाड फुलण्यात सगळी ताकद घालवून बसतं. पुढच्या थंडीत तीन-चार घट्ट पानं आणि भरपूर मुळं असली की खुशाल फुलू द्या. फुलं संपल्यावर दांडा हिरवा असेल आणि झाड दणकट असेल तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या वर कापा, त्या पेरातून पुन्हा फांदी फुटून फुलं येऊ शकतात. वाळलेला दांडा बुंध्याशी कापायचा.

कळ्या उमलण्याआधीच पिवळ्या पडून गळतात अशी तक्रार फार येते. एसीचा थेट झोत आणि पाणी चुकणं ही नेहमीची कारणं, पण आपल्या घरात आणखी एक असतं: आंबे. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि ऑर्किडची फुलं त्याने झपाट्याने कोमेजतात. एप्रिल-मेमध्ये, नेमकं फुलांच्या ऐन भरात, आंब्याची पेटी किंवा केळ्यांचा घड त्याच खोलीत ठेवू नका.

खताबद्दल थोडक्यात. नवी मुळं दिसेपर्यंत काहीही नको. नंतर द्राक्षबागायतदार वापरतात तेच विद्राव्य १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं खत), लिटरला अर्धा ग्रॅम, दोन पाण्यांआड एकदा. आधी साध्या पाण्याने भिजवून मग खताचं पाणी. जास्त दिल्याने लवकर फुलत नाही, मुळं जळतात.

किडींमध्ये पिठ्या ढेकूण आणि खवले कीड पानांच्या बेचक्यात लपतात. कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून पुसून काढा, आठवड्याने पुन्हा बघा. पावसाळ्यात गॅलरीत ठेवलं तर छोट्या गोगलगाई रात्री मुळांची कोवळी टोकं खातात. रात्री टॉर्च घेऊन बघितलंत तर सापडतील.

टीव्हीशेजारची जागा रिकामी होईल, तिथे काय ठेवू असंही तुम्ही विचारलंय. फुलझाड कुठलंच नाही. पीस लिली तिथे जगेल, पण बहुधा नुसत्या पानांवर. ती हवा शुद्ध करते या जाहिरातीवर विसंबू नका. नासाचा १९८९चा जो अहवाल त्यासाठी दाखवतात, तो बंदिस्त पेटीतल्या प्रयोगांचा आहे. दारं-खिडक्या असलेल्या घरात तसा परिणाम होत नाही. अँथुरियम थोडं जास्त प्रकाश मागतं, पण त्याचा एक गुण मला फार आवडतो. झाड मोठं झालं की प्रत्येक नव्या पानाबरोबर एक फूल येतं, म्हणजे पान निरोगी ठेवलं की फूल मागावं लागत नाही. ज्याला आपण लाल फूल म्हणतो ते खरं तर रंगीत पान असतं, खरी फुलं मधल्या सोंडेवर बारीक बारीक असतात. मुंबई, रत्नागिरी, पणजी अशा ठिकाणी राहणाऱ्या तुमच्या नातेवाइकांना फॅलेनॉप्सिसऐवजी डेंड्रोबियम हे दुसरं ऑर्किड सुचवा. त्याला थंडीची वाट बघावी लागत नाही, गॅलरीतलं तीन-चार तासांचं सकाळचं ऊन आणि उकाडा त्याला आवडतो. त्याचे पानं गळलेले जुने सोट, म्हणजे जाड उभे दांडे, मात्र कापू नयेत, त्यांत अन्नसाठा असतो आणि त्यांवरही पुन्हा फुलं येतात.

नवं ऑर्किड घ्यायचं ठरलंच तर निळं घेऊ नका. दांड्यात रंग सोडून ते निळं केलेलं असतं, पुढच्या वेळी फुलं पांढरीच येतात आणि रंग टोचल्याची जखम झाडाला राहते. आणि सह्याद्रीत फिरायला गेलात की कुणी रस्त्याकडेला जंगलातल्या आमऱ्या विकताना दिसतात, त्या कृपा करून घेऊ नका. त्या फ्लॅटमध्ये तगत नाहीत आणि जंगलातून कायमच्या जातात.

मांजराचं राहिलं. फॅलेनॉप्सिस मांजराला आणि कुत्र्याला विषारी नाही, पान चावलं तरी नुकसान झाडाचंच. अँथुरियम आणि पीस लिली यांच्या चिकात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावल्यावर तोंडाची आग होते, लाळ गळते, उलटी होते, म्हणून ती झाडं मांजराच्या आवाक्याबाहेरच हवीत. खरा धोका कुंडीतल्या झाडाचा नाहीच, पुष्पगुच्छातून येणाऱ्या ओरिएंटल किंवा एशियाटिक लिलीचा आहे. तिचं पान, पाकळी, अंगावर पडून चाटले गेलेले परागकण, फुलदाणीतलं पाणी, यातलं काहीही थोडंसं पोटात गेलं तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. अशी लिली घरात आली तर लगेच बाहेर काढा, आणि मांजराने तोंड लावल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या.